धानाचं माप आणि पुराव्याचं बळ



ब्रह्मपुरीच्या आसपासच्या एखाद्या गावात जुन्या माणसाला विचारा, "बाबा, यंदा धान किती झालं?" क्विंटलचा हिशेब तो नंतर करील. आधी त्याच्या तोंडी खंडी येईल, मग कुडव, मग पायली. मोठं माप, मधलं माप आणि लहान माप. हिशेब करण्याची ही रीत फार जुनी आहे, आणि आज आपल्याला तिचाच आधार घेऊन एका अवघड विषयात शिरायचं आहे. विषय असा : गणितातला पुरावा किती बळाचा असतो? आणि हे बळ मोजता येतं का?

तुम्ही म्हणाल, पुरावा तो पुरावा. त्यात बळाचा प्रश्न कुठून आला? साक्षीदार खरा की खोटा एवढंच बघायचं. पण थोडं थांबा.

आपल्याकडे गणितात पुरावा देत नसत, नुसते नियम पाठ करीत, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पुराव्याला आपल्याकडे 'उपपत्ती' म्हणत. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली. तिच्यातले नियम खरे का, हे नंदिग्रामच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली आपल्या 'बुद्धिविलासिनी' टीकेत उलगडून दाखवलं. आणि आपल्या विदर्भाशी नातं सांगणारा एक गणितीही या मालिकेत आहे. त्याचं नाव कृष्ण दैवज्ञ. त्याचं घराणं पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचं. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्याने १६०० च्या सुमारास 'बीजपल्लव' नावाची टीका लिहिली. ऋण संख्या म्हणजे काय, हे सांगताना तो म्हणतो की ऋणपणा जागेचा असतो, काळाचा असतो आणि वस्तूचा असतो. पूर्वेकडे जाणं धन मानलं तर पश्चिमेकडे जाणं ऋण. आजही वर्गात मुलांना समजावताना आपण याहून वेगळं काय सांगतो?

तर नियम खरा का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पण 'हा पुरावा द्यायला किती अवजारं लागली' हा प्रश्न विसाव्या शतकाचा. तो नीट कळावा म्हणून आधी नाशिकजवळच्या देवळालीला जाऊ.

देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीला मुलांना शिकवलं. संख्यांशी खेळणं हे त्यांचं वेड. त्या काळच्या काही विद्वानांनी 'हा तर पोरखेळ' म्हणून नाक मुरडलं. पण १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक खेळ मांडला, आणि तो पुढे जगभर गेला.

खेळ असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. परिषदेचंच साल घेऊ, १९४९. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. पुढे ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ चं करून बघा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी शेवटच्या स्टेशनात येऊन उभी राहिली. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येते.

याचा पुरावा काय? एक वाट सरळ आहे : चार अंकी संख्या मोजक्याच, सगळ्या करून बघा. हुशार मुलगा याहून सोपी वाट काढील. पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं : सगळ्यांत मोठा अंक आणि सगळ्यांत लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा, तेच उत्तर. मधल्यांचा फरक कडेच्यांच्या फरकाहून मोठा होऊ शकत नाही. मोजलंत तर अशा जोड्या भरतात फक्त ५४. चोपन्न गणितं केली की झाला पुरावा! चौथीपाचवीचा वर्ग एका तासात वाटून घेऊन संपवील. या पुराव्याला बळ फारच थोडं लागलं. वजाबाकी आली आणि मोजता आलं की पुरे.

पण सगळेच खेळ असे नसतात. संख्या अनंत असल्या तर एकेक करून किती बघणार? तिथे दुसरं अवजार लागतं. आपल्या भागात तलाव-बोड्यांची माती काढताना माणसं रांगेने उभी राहतात आणि घमेलं हातोहात पुढं जातं. पहिल्याच्या हाती घमेलं आलं, आणि ज्याच्या हाती येईल तो पुढच्याला देणारच, एवढं पक्कं असलं की रांग कितीही लांब असो, घमेलं प्रत्येकाच्या हाती येणारच. गणितात अगदी हेच करतात. एकाला खरं, आणि कोणत्याही संख्येला खरं असलं तर पुढच्या संख्येलाही खरं; म्हणून सर्वांना खरं. इटलीच्या पेआनो यांनी १८८९ साली अंकगणिताचे जे मूळ नियम मांडले, त्यांचा कणा हाच.

हे मूळ नियम पक्के आहेत की त्यांतून कधीतरी 'एक बरोबर दोन' असं निघेल? हा भीतीचा प्रश्न होता, आणि भीती खोटी नव्हती. १९०२ साली जर्मनीचे फ्रेगे यांचं सगळं आयुष्य ज्या ग्रंथात गेलं, त्याचा दुसरा भाग छापखान्यात असताना इंग्लंडच्या रसेल यांचं पत्र आलं. त्या ग्रंथाच्या पायातच विसंगती होती. इमारत उभी होत आली आणि पायाचा दगड सरकला. हिल्बर्ट यांनी १९०० सालीच पॅरिसमध्ये सांगून ठेवलं होतं की अंकगणित विसंगत नाही हे कुणीतरी सिद्ध करा. १९३१ साली तरुण गोडेल यांनी दाखवलं की असं अंकगणित, ते विसंगत नसेल तर, स्वतःच्या बळावर स्वतःची निर्दोषता सिद्ध करू शकत नाही. घरचा माणूस घरची साक्ष देऊ शकत नाही म्हणा ना.

मग बाहेरून किती मदत लागेल? हा प्रश्न गेर्हार्ड गेंट्झेन या जर्मन तरुणाने सोडवला, १९३६ साली. त्याची युक्ती सांगतो, जरा सावकाश ऐका.

घमेल्याची रांग कधीच न संपणारी आहे असं समजा. त्या सगळ्या रांगेच्याही पुढे एक माणूस उभा केला, तर त्याचा नंबर काय? गेल्या शतकाच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, कँटर यांनी अशा नंबरांना नावं दिली. पहिल्या न संपणाऱ्या रांगेपुढचा तो ओमेगा. त्याच्यापुढे दुसरी न संपणारी रांग, मग तिसरी. अशा न संपणाऱ्या रांगांची न संपणारी रांग. आणि तिच्याही पुढे. असं चढत चढत ओमेगाचा ओमेगावा घात, त्यावर पुन्हा ओमेगाचा घात, असा मजल्यावर मजला चढवला की सगळ्यांच्या वर जो नंबर येतो त्याला एप्सिलॉन-शून्य म्हणतात. गंमत अशी की या अजस्र शिडीवर तुम्ही कुठेही उभे असा, खाली उतरायला लागलात की मोजक्याच पायऱ्यांत जमिनीवर येता. चढण अनंत असेल, पण उतरण कधीच अनंत नसते.

गेंट्झेनने दाखवलं की एवढी शिडी मान्य करा, बाकी अवजारं अगदी साधी ठेवा, म्हणजे अंकगणित विसंगत नाही हे सिद्ध होतं. १९४३ साली त्याने आणखी दाखवलं की एप्सिलॉन-शून्याच्या खालचा प्रत्येक मजला अंकगणित स्वतः चढू शकतं. नेमका एप्सिलॉन-शून्य मात्र त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणजे अंकगणिताची उंची मोजून झाली! पुराव्याचं बळ मोजण्याची पट्टी हीच. काही जण म्हणतात, अंकगणितावर विश्वास ठेवायला त्याहून उंच शिडीवर विश्वास ठेवायचा, यात मिळवलं काय? मला हा आक्षेप पुरता पटत नाही. नेमकं किती कमी पडतं, हे कळणं ही लहान मिळकत नाही. उसनं किती घ्यायचं हे ठाऊक असलेला शेतकरी आणि ठाऊक नसलेला शेतकरी यांत फरक आहेच. गेंट्झेन १९४५ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या तुरुंगात उपासमारीने गेला. वय अवघं पस्तीस.

आता आपण धानाकडे परत येऊ. इंग्लंडचे गुडस्टीन यांनी १९४४ साली एक खेळ मांडला. कापरेकर मास्तरांना तो आवडला असता असं मला वाटतं. एक संख्या घ्या आणि दोनाच्या घातांत मांडा. घातांक मोठे असले तर तेही तसेच मोडा. मग जिथे जिथे दोन आहे तिथे तीन लिहा, आणि येईल त्यातून एक वजा करा. पुढच्या फेरीत तीनाच्या जागी चार, वजा एक. मग चाराच्या जागी पाच, वजा एक. असंच पुढे.

तीनपासून निघा. दोन अधिक एक. दोनाचे तीन केले, चार झाले, एक गेला, तीन राहिले. पुढे पुन्हा तीन, मग दोन, एक, शून्य. खेळ संपला. आता चारपासून निघा. चार म्हणजे दोनाचा वर्ग. तिथे तीनाचा तिसरा घात होतो, सत्तावीस. वजा एक, सव्वीस. पुढे ४१, ६०, ८३, १०९. वाढतच चाललं! मुलं म्हणतील, गुरुजी, हे काही संपत नाही.

इथं खंडी, कुडव, पायली कामाला येतात. खरी मापं विसरा. आपल्या खेळात पहिल्यांदा कुडव तीन पायल्यांचा आणि खंडी तीन कुडवांची. सव्वीस म्हणजे २ खंडी, २ कुडव, २ पायल्या. दर फेरीला मापं मोठी होतात : कुडव चार पायल्यांचा, खंडी चार कुडवांची. पण तुमच्याजवळचे आकडे तेच राहतात, आणि वर एक पायली दिली जाते. म्हणून २-२-१, मग २-२-०. आता द्यायला सुटी पायली नाही. तेव्हा सहा पायल्यांचा एक कुडव फोडायचा : २-१-५. पायल्या पुन्हा एकेक करून जातात. कुडव बाराचा होतो तेव्हा दुसरा कुडव फुटतो, आणि चोवीसचा होतो तेव्हा पहिली खंडी फुटते : १ खंडी, २३ कुडव, २३ पायल्या. ढीग तर फुगलाय. पण खंडी एक कमी झाली आणि ती परत येणार नाही. मोठं माप फुटतं, लहान मापं कितीही वाढोत. उतरण सुरू आहे, आणि उतरण अनंत नसते. चारचा खेळ संपतोच. मात्र फेऱ्या किती लागतात? तो आकडा लिहायला बारा कोटींहून जास्त अंक लागतात! जगातला कोणताही संगणक एकेक फेरी करून तिथं पोचणार नाही. आणि सोळापासून निघालात तर पहिल्याच पावलाला संख्या साडेसात लाख कोटींच्या वर जाते, कारण तिथे घातांकही फुगतात. मापांची मापंच वाढतात.

गुडस्टीन यांनी कँटरच्या शिडीने सिद्ध केलं की कोणत्याही संख्येपासून निघा, हा खेळ शून्यावर संपतो. पण शिडी एप्सिलॉन-शून्यापर्यंतची वापरावी लागली. तिच्यावाचून भागेल का? १९८२ साली किर्बी आणि पॅरिस या दोघांनी उत्तर दिलं : नाही भागणार. ज्या वर्षी आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच वर्षी हे छापून आलं. अंकगणित विसंगत नसेल, तर 'प्रत्येक संख्येचा खेळ संपतो' हे वाक्य त्याच्या नेहमीच्या नियमांनी सिद्ध होणं शक्यच नाही. एकेका संख्येपुरता पुरावा मिळेल : चारचा मिळेल, सोळाचा मिळेल, हजाराचाही मिळेल. सर्वांचा मिळून एक पुरावा मात्र मिळणार नाही. खेळ शाळेतल्या मुलाला कळण्याजोगा, आणि पुरावा अंकगणिताच्या घरात न मावणारा!

त्याच लेखात दुसरा एक खेळ आहे, अनेक डोक्यांच्या सापाचा. एक डोकं छाटलं की खालून पुष्कळ नवी फुटतात. सागाचं झाड तोडलं की खुंटाला धुमारे फुटतात, ते आपण जंगलाजवळचे लोक रोज बघतो. तिथेही छाटणारा शेवटी जिंकतोच, आणि तेही अंकगणिताला सिद्ध करता येत नाही.

घातांक न मोडता, नुसत्या खंडी-कुडवासारख्या मापांनीच खेळ मांडला, तर पुरावा अंकगणितात मावतो, पण थोडं कमी बळाचं अंकगणित घेतलं की मावत नाही. म्हणजे कापरेकरांचा खेळ चोपन्न गणितांत, मापांचा खेळ त्याहून वर, आणि गुडस्टीनचा पुरा खेळ त्याच्याही वर. यापुढेही शिडी आहे. संचसिद्धांत नावाची जी फार बलवान पद्धत आहे, तिची उंची अजून कुणाला मोजता आलेली नाही.

कापरेकर मास्तर १९८६ साली वारले. गुडस्टीनच्या खेळाशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि आपलं ६१७४ म्हणजे पुराव्यांचं शास्त्र आहे असा दावाही त्यांनी केला नव्हता. पण 'संपतं का? नेहमी संपतं का?' हे विचारायला त्यांनी खडू-फळ्याखेरीज काही लागू दिलं नाही.

शिक्षकबंधूंनो, उद्या वर्गात दोन्ही खेळ घ्या. आधी ६१७४ चा, आणि त्या चोपन्न जोड्या मुलांकडून काढून घ्या. मग पाचपासून गुडस्टीनचा खेळ सुरू करा : ५, २७, २५५, ४६७, ७७५. पुढची संख्या मुलांना काढू द्या. दर वेळी फळ्यावर नुसती संख्या लिहू नका. किती मोठी मापं, किती मधली, किती सुटी, हेही शेजारी लिहा. वाढत्या संख्येशेजारी काय उतरतंय, ते मुलांच्याच आधी लक्षात येईल.