माग थांबतो तेव्हा

भिवंडीत मराठी शिकवणाऱ्या आम्हां मंडळींच्या कानांत यंत्रमागांचा खडखडाट सतत असतो. बीम संपले की माग थांबतो. नवे बीम चढल्यावरच विणकाम पुन्हा सुरू होते. पेशीविज्ञानाच्या इतिहासाचे एक प्रकरण वाचताना हे दृश्य आम्हांला वारंवार आठवले.

पिसाळलेला कुत्रा खोलवर चावला, तर लशीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडेही टोचावी लागतात. लशीचा गुण येईपर्यंत विषाणूला तीच थोपवतात. पूर्वापार ही प्रतिपिंडे मुख्यतः घोड्याच्या रक्तातून मिळवली जात; मुंबईच्या हाफकिन संस्थेने ही परंपरा आपल्याकडे जोपासली. परंतु घोड्याची प्रथिने काही रुग्णांच्या शरीराला सोसत नाहीत. मग प्रतिपिंडे थेट पेशींकडूनच का करवून घेऊ नयेत?

त्यासाठी पेशीचा दिनक्रम समजणे आवश्यक होते. पेशी वाढते, डीएनएची प्रत काढते आणि दुभंगते. १९६९ मध्ये ब्यूएल आणि फाही यांनी संवर्धित मानवी पेशी एका तालात आणून दाखवले, की प्रतिपिंडांची निर्मिती सर्वकाळ सारखी नसते. प्रत काढण्याच्या उंबरठ्यावर ती भरात असते. प्रत्यक्ष विभाजनाच्या वेळी तर प्रथिने बाहेर धाडणारी गॉल्जी यंत्रणाच विखुरते आणि स्रवण जवळजवळ थांबते. माग थांबतो, तसेच हे.

आपल्या शरीरातील परिपक्व प्लाझ्मा पेशी विभाजन सोडून देते आणि केवळ प्रतिपिंडे स्रवते. म्हणूनच प्रयोगशाळेत तिची वंशवेल वाढत नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टीन यांनी प्रतिपिंड करणाऱ्या पेशीचा कर्करोगी पेशीशी संकर केला. एकीने प्रतिपिंड दिले, दुसरीने न थांबणारे विभाजन. १९८४ चे नोबेल त्यांना येर्न यांच्यासह मिळाले. पुढे कारखान्यांनी दोन कामांतील ओढाताणही ओळखली: आधी पेशी भरपूर वाढू द्यायच्या, मग तापमान ३७ अंशांवरून काहीसे उतरवून विभाजन मंदावायचे. अनेक पेशीवंशांत तेव्हा दर पेशीमागे उत्पादन वाढते.

२०१७ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने रेबीजवरील मानवी एकपेशीय-वंशज प्रतिपिंड बाजारात आणले. त्याला घोडा लागत नाही. रात्रपाळीहून परतताना कुत्रा चावलेल्या आमच्या गावच्या कामगारापर्यंत ते वेळेवर आणि परवडेल अशा दरात पोहोचले, तरच हा इतिहास त्याच्या दृष्टीने पूर्ण होईल.