मुष्टिफंड ते संयुक्त उपक्रम : आष्टा परिसरातील सेवाकार्याचा इतिहास

आष्टा हे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील शहर सांगली–इस्लामपूर रस्त्यावर, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. १९४९ पर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आष्ट्याच्या सार्वजनिक जीवनाची मुळे दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासात आहेत. लोकांनी आपणहून श्रम, धान्य आणि पैसा एकत्र करून सर्वांच्या उपयोगाचे काम उभे करण्याच्या रीती येथे तीन टप्प्यांत घडल्या : गावगाड्यातील परस्परसाहाय्य, शिक्षण आणि स्वातंत्र्याच्या चळवळींसाठी जमा झालेली लोकवर्गणी, आणि रोटरी, लायन्स यांसारखे सेवा क्लब. नवी रीत आली तरी जुनी मोडली नाही. बहुतेक वेळा जुनीच्या आधारावर नवी उभी राहिली.

पहिल्या टप्प्यातील मदत शेतीच्या गरजेतून आली. ज्याच्याकडे एकच बैल असे, तो तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी पैरा करी आणि दोघांची शेते आळीपाळीने नांगरली जात. एखाद्याची पेरणी वा नांगरट मागे पडली, की इर्जिक घातले जाई. ठरलेल्या दिवशी शेजारीपाजारी आपापली औते घेऊन येत, दिवसभरात काम उरकत आणि घरधनी सर्वांना जेवू घाली. यात मजुरी नसे, पण परतफेडीचे बंधन पक्के असे. देवळाचा जीर्णोद्धार, विहीर, यात्रा यांसाठी घरटी पट्टी गोळा होई. आष्ट्याच्या चौंडेश्वरीच्या भावई उत्सवात आजही निरनिराळ्या समाजांचा वाटा आहे. या व्यवस्थेला मर्यादाही होती. मदत ओळखीच्या माणसांपुरती आणि जातीच्या चौकटीत चाले. ज्या वस्त्यांना गावाच्या विहिरीवर पाणीच भरू दिले जात नसे, त्या या परस्परसाहाय्याच्या कडेलाच राहिल्या.

दुष्काळाने ही चौकट अपुरी ठरवली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात संपूर्ण गावेच संकटात सापडली. शेजाऱ्याला द्यायला शेजाऱ्याकडे काही उरले नव्हते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने त्या वेळी दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सभेचे प्रमुख कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांचा जन्म साताऱ्याचा. मदतीआधी पाहणी करणे, गरज लिहून काढणे आणि अनोळखी माणसासाठी वर्गणी मागणे ही पद्धत या काळात रुजू लागली. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, असा तिचा अर्थ होता. १९०८ मध्ये तळेगावला सुरू झालेला काच कारखाना हे तिचे दृश्य फळ. थोड्यांच्या मोठ्या देणगीपेक्षा पुष्कळांच्या लहान देणगीवर संस्था उभी राहू शकते, हे त्यातून दिसले.

आष्टा परिसरात हे तत्त्व सर्वांत खोल रुजवले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. १९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दुधगावात गावकऱ्यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

या वसतिगृहांचा खर्च भागवण्याची रीत गावाला नवी वाटणारी नव्हती. मुष्टिफंड म्हणजे रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवणे आणि ठरलेल्या दिवशी ते संस्थेच्या हाती देणे. रोख पैसा दुर्मिळ असलेल्या घरालाही मूठभर जोंधळा देणे जमत असे. ही मूठ घरातील स्त्रीच्या हातून पडे. त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेली बाईही शिक्षणसंस्थेची देणगीदार ठरली. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत, पण ती सोय मुख्यतः एका वर्गापुरती होती. मुष्टिफंडाने मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये संस्था आणली आणि धान्य कोणत्या जातीच्या घरातून आले, कोणत्या जातीच्या मुलाच्या ताटात गेले, हा भेद पुसला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. विद्यार्थ्यांनीही फुकट खायचे नव्हते. स्वयंपाक, शेतकाम, बांधकाम त्यांनी करायचे, हीच पुढे कमवा आणि शिका योजना झाली. गावाची मूठ आणि मुलाचे श्रम या दोन हप्त्यांवर शिक्षण उभे राहिले.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारने लोकसंघटनेला आणखी एक वळण दिले. त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. कुंडल, वाळवा आणि कृष्णाकाठची गावे हे चळवळीचे बळ होते. ब्रिटिश सत्तेशी लढतानाच प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली, दारूबंदीचा आग्रह धरला, ग्रंथालयांना चालना दिली आणि थोडक्या खर्चातील गांधी विवाह लावले. लग्नात वाचलेला पैसा कुटुंबाला सावकारापासून दूर ठेवी. स्वयंसेवक हा शब्द या गावांत कार्यकर्त्याच्या रोजच्या कामाशी जोडला गेला तो याच वर्षांत.

स्वातंत्र्यानंतर दानाला कायद्याची चौकट मिळाली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या जोडीला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० आला. देवस्थान, शिक्षणसंस्था, वाचनालय यांची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होऊ लागली, विश्वस्तांची नावे कागदावर आली आणि हिशेबाची तपासणी आवश्यक ठरली. पूर्वी वर्गणीचा हिशेब देवळाच्या पारावर तोंडी सांगितला जाई. आता तो जमाखर्चाच्या वहीत मांडावा लागे. याच काळात वाळवा तालुक्यात सहकार वाढला. साखर कारखान्यांनी ऊसबिलातून टनामागे ठरावीक रक्कम कापून ती शिक्षण किंवा आपत्ती निवारणासाठी देण्याची प्रथा पाडली. मुठीऐवजी टन हे माप झाले, तरी प्रत्येकाने उत्पन्नाच्या प्रमाणात थोडे द्यायचे हे सूत्र तेच राहिले.

तिसरा टप्पा शहरांतून आला. पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत सुरू केलेली रोटरी चळवळ १९२० पर्यंत कोलकात्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत पोहोचली. मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये शिकागोतच स्थापन झालेले लायन्स क्लब भारतात १९५६ मध्ये आले. डॉक्टर, वकील, व्यापारी, कारखानदार, प्राध्यापक अशा वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसे त्यांत सभासद होतात. अध्यक्ष एका वर्षासाठी असतो आणि क्लबचे वर्ष जुलैपासून जूनपर्यंत चालते. दरवर्षी पदाधिकारी बदलल्याने सत्ता एका घरात राहत नाही. मात्र एका अध्यक्षाने सुरू केलेले काम दुसऱ्याने पुढे नेले नाही, तर ते अर्धवट पडते. अनेक वर्षे चालणाऱ्या कामासाठी म्हणूनच क्लबांना रुग्णालय, शाळा किंवा स्वतंत्र विश्वस्त संस्था जोडीला घ्यावी लागते. सांगली, मिरज आणि इस्लामपूर येथे असे क्लब उभे राहिले. त्यांच्या कार्यक्षेत्रात आजूबाजूची गावे येतात.

क्लबांच्या एकत्रित कामाचे ठळक क्षेत्र आरोग्याचे आहे. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून नेत्रसेवा ही त्या चळवळीची ओळख झाली. मिरजेचे लायन्स नॅब नेत्र रुग्णालय या वळणाचे स्थानिक उदाहरण आहे. लायन्स आणि राष्ट्रीय अंध संघटना या दोन्ही नावांचा मेळ रुग्णालयाच्या नावातच दिसतो. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयामुळे या शहराला वैद्यकीय सेवेची परंपरा आधीपासून होती, तिचाही अशा कामाला आधार मिळाला. मोतीबिंदू शिबिरात कामाची वाटणी स्पष्ट असते. गावातील मंडळ रुग्णांची नावे गोळा करते, शाळा जागा देते, क्लब वाहन आणि चष्म्यांचा खर्च उचलतो, शस्त्रक्रिया रुग्णालयात होते.

पोलिओ निर्मूलनात ही भागीदारी देशभर पसरली. रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. सरकारी आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि क्लबांचे स्वयंसेवक यांनी बूथ चालवले. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पाण्याच्या प्रश्नावर मात्र जुन्या श्रमदानाचाच जोर दिसतो. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले. नदीतील वाळूच्या विक्रीचे उत्पन्न आणि शहरांतील हितचिंतकांची मदत त्यासाठी वापरली गेली. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. गावकऱ्यांचे हात, शहरांतून आलेले श्रमदाते आणि संस्थांनी यंत्रांसाठी दिलेला निधी अशी त्या स्पर्धेतील कामांची घडण होती.

कृष्णा आणि वारणेच्या २००५ व २०१९ च्या महापुरांनी या सर्व रीतींची एकाच वेळी कसोटी घेतली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. वाळवा, पलूस, मिरज आणि शिराळा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना पुराचा फटका बसला. तरुण मंडळे, देवस्थाने, साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि सेवा क्लब मदतीला धावले आणि राज्यभरातून अन्न, कपडे, औषधे आली. रस्त्यालगतच्या गावांत तेच साहित्य पुन्हा पुन्हा पोहोचले, आडवळणाच्या वस्त्या मागे राहिल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. गरजांची यादी गावानेच करणे, एका संस्थेने एक काम घेणे आणि दिलेल्या वस्तूंची नोंद ठेवणे याची गरज त्यातून पुन्हा दिसली. इर्जिकात कोणाचे औत कोणत्या तासाला चालायचे, हे सकाळीच ठरत असे. मुष्टिफंडात धान्य कोणत्या दिवशी गोळा होणार, हे प्रत्येक घराला माहीत असे. संयुक्त सेवाकार्याचे यशही त्याच दोन गोष्टींवर अवलंबून राहिले आहे : आधी ठरलेली वाटणी आणि नियमित दिलेला लहान वाटा.