विद्यार्थी, शिक्षक आणि शिपाई

जमाव आणि शिपाई समोरासमोर ठाकले म्हणजे कोणता अनर्थ ओढवतो, हे आम्हां मालेगावकरांस ग्रंथांतून शिकावे लागत नाही. १९२१ च्या एप्रिल महिन्यात, खिलाफतीच्या धामधुमीत, काही स्वयंसेवकांस न्यायालयाने दंड केला. त्यावरून गाव खवळले, आणि त्या दंगलीत फौजदार व काही शिपाई प्राणांस मुकले. पुढे खटले चालून कित्येकांस फाशी झाली. सुतक दोन्हीं बाजूंच्या घरांत आले. अशा प्रसंगी जमाव व शिपाई यांच्या मध्ये उभा राहील असा तिसरा पक्ष सहसा नसतो. विद्यार्थ्यांच्या चळवळीत मात्र तो असतो, निदान असावयास हवा. तो म्हणजे शिक्षक. विद्यार्थी आणि सरकार यांच्या झगड्यांची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. तीत शिक्षक कोठे उभा होता, एवढेच आज पाहावे असे आम्हांस वाटते.

आरंभ वंगभंगापासून केला पाहिजे. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यास विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे आमच्याच नाशिक जिल्ह्यातील भगूरचे. त्या वेळी ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत होते. प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी त्यांस दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेचा खरपूस समाचार घेतला, आणि तो योग्यच होता. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही शिक्षा कितीही अनुदार असली, तरी ती गुरूने शिष्यास केलेली होती. भांडण घरातले होते; शिपाई अद्याप उंबरठ्याबाहेर होता.

तो उंबरठा पुसून टाकण्याचा यत्न त्याच महिन्यात बंगाल्यात झाला. तेथील सरकारचे सचिव कार्लाइल यांनी एक परिपत्रक काढले. विद्यार्थी चळवळीत शिरल्यास संस्थांची अनुदाने व शिष्यवृत्त्या बंद होतील, ही धमकी त्यात होतीच. परंतु त्याहून विलक्षण कलम पुढे होते : गडबडीचा संभव दिसल्यास शिक्षकांस व संस्थाचालकांस विशेष पोलीस म्हणून नेमावे लागेल! ज्या हाताने खडू धरावयाचा, त्याच हातात दंडुका देण्याची ही योजना होती. १९०७ साली रिस्ले यांच्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांवरील राजकीय निर्बंध देशभर लागू झाले. शिक्षकाने पोलिसाचे काम करावे, ही अपेक्षा तेव्हापासून राज्यकर्त्यांच्या मनातून कधीच पुरती गेली नाही.

आता आमच्या शेजारचे उदाहरण घेऊ. मालेगावाहून आग्नेयेस निघून नांदगाव तालुका ओलांडला की पूर्वी निजामाची हद्द लागे. तेथे औरंगाबादच्या इंटरमीजिएट महाविद्यालयाच्या वसतिगृहात १९३८ च्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी ती जुमानली नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचले, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. काठी न उगारता शेकडो मुलांचे आयुष्य मोडण्याचा हा उपाय होता. परंतु मोडले नाही, कारण नागपूर विद्यापीठाने या मुलांस प्रवेश दिला. तेथे गेलेल्यांपैकी एक, पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. एका विद्यापीठाने लावलेले दार दुसऱ्याने उघडले, एवढीच ही गोष्ट. परंतु शिक्षणसंस्थेस केवढे सामर्थ्य असते, ते या एका उघडलेल्या दाराने दाखविले.

चारच वर्षांनी गोष्ट दारापाशी राहिली नाही. मालेगावाहून आग्रा रस्त्याने धुळ्यास जावे व तेथून वायव्येस वळावे, म्हणजे नंदुरबार लागते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’ची घोषणा होऊन महिना लोटला असता, तेथे मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी अडविले, लाठी चालली, मग गोळी चालली. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण पडले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. महिन्यापूर्वी, ११ ऑगस्ट रोजी, पाटण्यास सचिवालयापुढे सात विद्यार्थी असेच पडले होते. दंड, वसतिगृहातून हकालपट्टी, पटावरून नाव कमी होणे, या साऱ्या पायऱ्या एकदम ओलांडून राज्यसत्ता बंदुकीपाशी आली. आणि मूल व बंदूक यांच्या मध्ये काही उरले नाही.

परकीय गेले की हे संपेल, अशी आशा होती. पण हा रोग केवळ परकीय सत्तेचा नव्हे. ४ मे १९७० रोजी अमेरिकेत केंट येथील विद्यापीठाच्या आवारात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी अवघ्या तेरा सेकंदांत चार विद्यार्थी मारले. आमच्या देशात १५ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीस आवाराबाहेर बसगाड्या जळाल्यानंतर पोलीस जामिया मिलिया इस्लामियाच्या ग्रंथालयापर्यंत शिरले. आपण परवानगी दिली नव्हती, असे कुलगुरूंनी जाहीर केले. पोलिसांस आवारात मज्जाव करणारा कायदा नाही. आहे तो केवळ संकेत. आणि संकेत पाळणारा व पाळावयास लावणारा कोणी असेल, तेवढाच तो टिकतो.

आम्ही शिपायास दोष देऊन मोकळे होऊ इच्छीत नाही. १९२१ साली पडलेले शिपाईही कोणाचे तरी पुत्र होते, आणि दगड मारणारा विद्यार्थी म्हणून दगड हलका होत नाही. परंतु शिपायाची शिकवण जमाव ओळखण्याची. त्या जमावातील एकेक मूल नावाने ओळखणारा माणूस दुसराच असतो. तो फाटकापाशी असेल तर पुष्कळ गोष्टी काठीवाचून मिटतात. सांगावयास लाज वाटते, पण आंदोलनाच्या दिवशी खोलीचे दार लोटून उत्तरपत्रिका तपाशीत बसण्याचा मोह आम्हांसही झाला आहे, आणि एकदा तरी तो आम्हांस आवरला नाही. बाहेरचा गलबला थांबला तेव्हा आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी चपला पडल्या होत्या. त्या कोणाच्या, हे आम्हांस सांगता येईना.