निळीचा रंग आणि मजुरीचा दर

इचलकरंजीत मी तीस वर्षं सूत रंगवलं. निळीच्या टाकीत हायड्रो आणि कॉस्टिक पडलं की पाणी पिवळसर हिरवं होतं. त्यात बुडवलेली लड वर काढावी, तर वारा लागेल तशी ती डोळ्यांदेखत निळी होत जाते. हे बघायचा मला कधी कंटाळा आला नाही.

ही कारखान्यात बनलेली नीळ १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने बाजारात आणली आणि आपल्याकडची बिहार-बंगालमधली निळीची शेती बसली. १९२५ मध्ये बीएएसएफ, बायर, होएक्स्ट, आग्फा वगैरे एक होऊन आयजी फार्बेन झाली. फार्बेन म्हणजे रंग. आम्हा रंगाऱ्यांना हे घराणं फार मोठं. म्हणूनच पुढचं वाचताना मला जास्त लागलं.

फेब्रुवारी १९३३ मध्ये या कंपनीने हिटलरच्या निवडणुकीला चार लाख मार्क दिले. युद्धात लष्कराला टायरसाठी रबर हवं होतं. कोळशापासून ते करण्याची विद्या कंपनीकडे होती. त्या रबराचं नाव बुना. १९४१ मध्ये कारखान्याची जागा ठरली आउशवित्झच्या छळछावणीजवळ. कैदी रोज मैलोनमैल चालून यायचे, वाटेतच खचायचे, म्हणून १९४२ मध्ये कारखान्याला लागूनच मोनोवित्झची छावणी उभी राहिली. छावण्या चालवणाऱ्या नाझींच्या एसएस दलाला कंपनीने द्यायचा दर ठरलेला होता: बिनकसबी माणसाचे दिवसाला तीन मार्क, कसबी माणसाचे चार, मुलाचा दीड. कैद्याच्या हातात एक पैसाही नाही. मी स्वतः हजेरीपट भरलेत. मुलाचा दर लिहिताना त्या कारकुनाचा हात कसा चालला असेल, हे मला अजून कळत नाही. आणि इतकी माणसं मारून तिथे बुना रबर तयार झालंच नाही.

रंग आणि बुना हे दोन्ही विभाग ज्याच्या हाताखाली होते, त्या फ्रिट्झ टेर मेरला न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४८ साली सात वर्षांची शिक्षा झाली. ती पुरी न भोगताच तो सुटला आणि १९५६ मध्ये बायरच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला.

नॉर्बर्ट वोल्हाइम मोनोवित्झमध्ये राबला होता. त्याची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा आउशवित्झला पोचताच मारले गेले होते. १९५१ मध्ये त्याने फ्रँकफर्टच्या कोर्टात आयजी फार्बेनवर दावा लावला: बुडालेली मजुरी आणि भोगलेल्या हालांची भरपाई. १९५३ मध्ये दहा हजार मार्क मंजूर झाले. कंपनी अपिलात गेली. १९५७ मध्ये तीन कोटी मार्कांवर तडजोड झाली, तीही जिवंत राहिलेल्या हजारो कैद्यांत मिळून.