गट्टूच्या हातातला ब्रश

पूर्वीचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, भांडुपमध्ये एकेकाळी कारखान्यांचा रस्ता होता. त्यांतील एशियन पेंट्सच्या कारखान्याकडे आम्ही वळतो आहोत ते रंगांसाठी नव्हे, डब्यावरच्या मुलासाठी. बोधचिन्हे आपण जाहिरातवाल्यांच्या हवाली करून मोकळे झालो. वास्तविक तीही वाचण्याचीच गोष्ट आहे.

1942 साली युद्धामुळे परदेशी रंगांची आयात आटली असताना चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील यांनी गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये हा उद्योग मांडला. मोठ्या शहरांतली दुकाने परदेशी कंपन्यांच्या हाती होती. म्हणून यांनी लहान डबे घेऊन लहान गावे गाठली. तिथल्या गिऱ्हाइकाला अक्षरापेक्षा चित्र जवळचे.

ते चित्र 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढले. कपाळावर आलेली बट, नजरेत खोडी, हातात रंग ठिबकणारा ब्रश आणि डबा. नाव सुचवण्यासाठी 500 रुपयांची स्पर्धा झाली, 47,000 प्रवेशिका आल्या, आणि मुंबईच्याच दोघांचे ‘गट्टू’ हे नाव ठरले. मराठी कानाला त्यात ‘गट्टी’ही ऐकू येते.

लक्ष्मण यांचा कॉमन मॅन 1951चा. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने एकाच हातातून उतरलेल्या या दोन आकृती आम्हांला एकत्र पाहाव्याशा वाटतात. म्हातारा सगळे पाहतो आणि गप्प राहतो. पोरगा हात रंगवून घेतो. अर्थात या चित्रात एक लबाडीही आहे. परांचीवर लोंबकळणाऱ्या रंगाऱ्याचे कष्ट येथे मुलाची खोडी होऊन येतात, मजुरीचा प्रश्नच उरत नाही. तरीही भिंत कुणाच्या तरी हाताने रंगते, एवढे तरी गट्टू सांगत होता. 2002 च्या सुमारास त्याला निवृत्त करण्यात आले. त्याच काळात कंपनीच्या जाहिराती घराविषयी, घरमालकाच्या मनाविषयी बोलू लागल्या. ब्रश धरणारा चित्राबाहेर गेला.

चेक देशातल्या पिल्सन गावी याच्या उलट घडले. तिथल्या बिअर कारखान्याने 1892 मध्ये आपल्या पन्नाशीनिमित्त उभारलेली वेस पुढे बाटलीवरच्या चिठ्ठीवर आली. वेस अजून उभी आहे आणि तिच्याआड बिअरही बनते. भांडुपमध्ये मे 2014 मध्ये रंगनिर्मिती थांबली. पुढच्याच जानेवारीत लक्ष्मण पुण्यात निवर्तले.

कॉमन मॅनचे पुतळे पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकाठी उभे राहिले. गट्टूचा पुतळा आमच्या पाहण्यात नाही.