काळ्या पाण्यावरचा चोर

काळे पाणी म्हटले की आपणांस अंदमान आठवते. पण ती वसाहत १८५८ ची. त्यापूर्वीच, १८१५ पासून, कंपनी सरकार हिंदी कैदी मॉरिशसला धाडू लागले होते. पुढे मुंबई इलाख्यातलेही गेले. त्यांत खुनी होते, तसे चोरही होते. १८३६ साली डार्विन तेथे उतरला, तेव्हा सुमारे ८०० कैदी जन्मठेप भोगीत सरकारी कामांवर राबत होते.

हे का घडले? ब्रिटिशांनी १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला. आणि गव्हर्नर फार्क्वार याला तर रस्त्यांसाठी मजूर हवे होते. चोराला शिक्षा झालीच. पण सरकारला फुकटचा मजूर मिळाला. गिरणीच्या गावात राहणाऱ्या आपण हा हिशेब विसरू नये. रस्ते बांधवणाऱ्या गव्हर्नराचे नाव इतिहासात राहिले. खडी फोडणाऱ्याचे नाव कोण सांगतो?