शब्दाची जात अर्थावरून ठरत नाही

इंग्रजी व्याकरणाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर आठ नावे येतात: नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. पाठोपाठ व्याख्या येतात. व्यक्ती, स्थळ वा वस्तू यांचे नाव ते नाउन; क्रिया सांगते ते व्हर्ब; गुण सांगते ते ॲडजेक्टिव्ह. त्यातून रूढ झालेला पक्ष असा: अर्थ कळला की जात कळली, आणि जाती आठच.

आधी अर्थाचे पाहू. ‘अरायव्हल’ म्हणजे येणे. ही व्यक्ती नाही, स्थळ नाही, वस्तूही नाही. तरी शब्द नाउन. ही अव्याप्ती झाली. ‘क्रियेचे नाव तेही नावच’ अशी डागडुजी करावी, तर ‘अराइव्ह’ हेही त्याच क्रियेचे नाव का नव्हे? ही अतिव्याप्ती. ‘नाउन म्हणून वापरले तरच नाव’ असे म्हणावे, तर व्याख्या स्वतःभोवतीच फिरू लागते.

मराठी माणसाला याहून जवळचा पुरावा आहे. ‘मला भूक लागली आहे’ आणि ‘आय ॲम हंग्री’ या वाक्यांचा आशय एकच. पण ‘भूक’ हे नाम आणि ‘हंग्री’ हे ॲडजेक्टिव्ह. जात अर्थावरून ठरत असती, तर अर्थ तोच राहून ती बदलली कशी? मनात भाषांतर करून जात ओळखणारा विद्यार्थी नेमका इथेच चुकतो.

आता आठाचा आकडा. इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती आहेत. त्यांत आर्टिकल आहे, इंटरजेक्शन नाही. लॅटिनमध्ये आर्टिकलच नव्हते. तिथल्या वैयाकरणांनी ते वगळले, इंटरजेक्शनला स्वतंत्र स्थान दिले आणि आठाची बेरीज कायम राहिली. इंग्रजीत तरी एकमत कुठे आहे? लिंडली मरेच्या १७९५ च्या व्याकरणात नऊ जाती आहेत. २००२ च्या केंब्रिज व्याकरणातही नऊ आहेत, पण त्या वेगळ्या: तिथे प्रोनाउन नाउनच्या पोटात जाते आणि ‘द’सारख्या शब्दांना स्वतंत्र वर्ग मिळतो. ते रास्तच आहे. ‘द बुक इज रेड’ म्हणता येते, ‘द बुक इज द’ म्हणता येत नाही. मग आठांच्या यादीत ‘द’ला ‘रेड’सोबत एकाच ॲडजेक्टिव्हच्या पंगतीत का बसवायचे?

रूढ पक्षाचा बचाव असा, की मुलांना सुरुवातीला सोपे काही हवे. हे मान्य. शिवाय रेन-मार्टिनसारखे पाठ्यपुस्तकही सांगते, की वाक्यातले काम पाहिल्याशिवाय शब्दाची जात सांगता येत नाही. पण वर्गात पाठ होतात त्या व्याख्या, आणि ती सूचना मागे पडते.

मग ओळखायचे कसे? जागा, रूप आणि सोबत पाहून. ‘द ग्रॉलर ट्रूफ्ड’ हे निरर्थक वाक्य घ्या. एकाही कोशात हे दोन शब्द सापडणार नाहीत, तरी ‘द’च्या मागोमाग आलेला ‘ग्रॉलर’ नाउन आणि भूतकाळाचा प्रत्यय घेतलेला ‘ट्रूफ्ड’ व्हर्ब, हे कळतेच. ‘वॉटर’ एकटा असताना त्याची जात सांगता येत नाही. ‘द वॉटर’ नाउन, ‘वॉटर द प्लांट्स’मध्ये व्हर्ब. मराठीत विभक्तिप्रत्यय जे सांगतात, त्यातले बरेचसे इंग्रजीत शब्दाची जागा सांगते.

ही दृष्टी परकी नाही. पाणिनीने पदाची व्याख्या अर्थावरून केली नाही. सुप् (नामाचे) किंवा तिङ् (क्रियापदाचे) प्रत्यय ज्याच्या अंती ते पद, एवढेच म्हटले. शिक्षकांनी आठ नावे जरूर शिकवावीत, पण ‘हा शब्द कोणत्या जातीचा?’ असे सुटा शब्द देऊन विचारू नये. आधी वाक्य द्यावे, मग प्रश्न विचारावा.